सावकाश सुटणारी गोळी

१६ एप्रिल, भोर

चंद्री मेली. माझ्या डोळ्यांसमोर मेली. अक्षर कसलंही येतंय, येऊ दे.

आणि मी तिथं गेले होते कशाला? फोटो काढायला! जयंतीच्या गडबडीत दोन दिवस शिवऱ्याच्या शेडला, जिथं मी जनावरांचं खाद्य बनवते, कुलूप होतं. आज सकाळी ठरवलं की आधी वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवर जायचं, कोंडामावशींच्या म्हशीशेजारी 'सावकाश'ची पिशवी ठेवून एक झकास फोटो काढायचा आणि तो नसरापूरला सर्जेरावांच्या दुकानात लावायचा. आमच्या खाद्याच्या पिशव्या तेच विकतात. दादानं टेम्पोतून सोडलं. दादा म्हणजे संघपाल, माझा थोरला भाऊ. वाटेत म्हणतो, "म्हशीला लावायला पावडर घेतलीस का गं?"

पोचले तेव्हा धनश्री गोठ्यातून रिकामं घमेलं घेऊन बाहेर येत होती. धनश्री माझी कॉलेजची मैत्रीण आणि कोंडामावशींची सून. तिच्यामुळेच या वस्तीवर माझी पहिली पिशवी आली. म्हणाली, "आत्ताच खाऊन झालं बघ चंद्रीचं. घमेलं चाटून पुसून! आज पहिल्यांदाच ओंजळभर घातली तुझी पेंड, इतके दिवस मूठभरच घालत होतो तू सांगितलं तसं." मी खूश. अंगणात बादल्या-घमेली उपडी घालायची धनश्रीची लगबग चालली होती, मावशी चहा टाकते म्हणाल्या, मी उजेड कुठून येतोय ते बघत बसले.

चहा होईपर्यंत चंद्री दात खायला लागली. करकर आवाज. मग कान उडायला लागले, मग अंगभर कातडी थरथरायला लागली. तोंडातून फेस. पोट बघता बघता टम्म. मी म्हणतेय, अहो मावशी, हिला काय होतंय, आणि ती खाली कोसळलीच. पाय झाडत, हंबरत. म्हशीचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मावशी तेलाची बाटली घेऊन धावल्या, भीमाकाका पलीकडच्या घरातून पळत आले. ते मावशींचे धाकटे दीर. कशाचा उपयोग झाला नाही. माझ्या हातात मोबाईल तसाच, कॅमेरा चालू.

मावशी तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भीमाकाकांकडे. काका मी फोटोसाठी गोठ्यात ठेवलेल्या पिशवीकडे बघत होते. आणि मावशी एकदम उभ्या राहून मोठ्यांदा म्हणाल्या, "पान लागलं हिला. पेंढ्यात जनावर होतं."

काका खाली बसून चंद्रीचे पाय चाचपायला लागले. "कुठं लागलंय? दात तर कुठं दिसत न्हाईत."

"म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हंते ना! पान लागलं."

मावशींचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आपल्या माणसावर कुणी असं खेकसतं का? मग माझ्या कोपराला धरून मला अंगणाबाहेर घेऊन आल्या. "तू जा घरी. फोटू परत कवा तरी काढ," म्हणाल्या. स्वतःची म्हैस मेलीय आणि माझ्या फोटोची आठवण!

बिचारी चंद्री. साप म्हटल्यावर कोण काय करणार? आणि खरं लिहायचं तर, साप हा शब्द ऐकल्यावर मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

१७ एप्रिल, शिवरे

रात्री झोप नाही. डोक्यात एकच भुंगा: समजा साप नसेल तर?

म्हणून आज स्वतःलाच परीक्षेला बसवलं. ही वही कुणी वाचणार नाही, तरी नीट लिहिते, म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर येईल. उन्हाळ्यात वस्तीवरच्या जनावरांना मिळतो भाताचा पेंढा. पोट भरतं पण अंगी लागत नाही. पेंढ्याबरोबर थोडा युरिया पोटात गेला तर म्हशीच्या पोटातले जंतू त्याचं अन्न करतात. पण सगळा एकदम गेला तर तोच युरिया जहर होतो. म्हणून कवच. पुण्याच्या औषध कंपनीत मी हेच करत होते, दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांवर थर चढवायचे. तिथं माणसांसाठी, इथं म्हशींसाठी. हलवाई तिळावर साखरेचे थर चढवतात तसे मी युरियाच्या दाण्यावर तेलामेणाचे थर चढवते. पोटात गेल्यावर कवच रात्रभर बेतानं पाझरतं, जनावराला कळतही नाही. म्हणून नाव 'सावकाश'. नाव ऐकून दादा म्हणाला होता, "तुझ्या स्वभावाच्या एकदम उलटं आहे."

तर संध्याकाळी मूठभर गोळ्या कोमट पाण्याच्या ग्लासात टाकल्यात. म्हशीच्या पोटाइतकंच कोमट. रात्रभर तसंच ठेवणार. कवच एकदम फुटलं तर माझी चूक. हळूहळू सुटलं तर साप.

१८ एप्रिल, शिवरे

पास! तासातासाला पाणी तपासलं. आधी जरासं, मग आणखी, मग आणखी, आणि सकाळपर्यंत सगळा युरिया पाण्यात उतरलेला, कवचं तळाशी रिकामी. तडा एकालाही नाही. औषध कंपनीतल्या साहेबांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

म्हणजे सापच. मावशी खोटं कशाला बोलतील?

आता जरा शांत वाटतंय. पहिल्या दिवशी वस्तीवर गेले होते ते आठवलं. मी चंद्रीला स्वतःच्या हातानं कोरड्या गोळ्या खाऊ घातल्या, तर सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तालुक्याची पोरगी म्हशीला घाबरते म्हणून हसल्या असतील. आमच्या घरात कधी जनावर नव्हतं, अण्णा एस.टी. डेपोत, आई शाळेत. हसू देत. पण मावशींनी माझा शब्द कसा पाळावा? पिशवीवर 'पाण्यापासून दूर ठेवा' छापलंय तर पिशवी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून थेट माळ्यावर. गोठ्यात लागेल तेवढीच काढून आणायची. गाभण जनावराला घालू नका म्हटलं तर मोरीला एक दाणा घातला नाही. मोरी त्यांची दुसरी म्हैस, पुढच्या महिन्यात विणार. आता चंद्री गेल्यावर घरात दुधाची आशा फक्त मोरीचीच.

उद्या मावशींना भेटून यावं का? नको. रडल्या तर मला काय बोलावं सुचत नाही.

२४ एप्रिल

भीमाकाकांची गाय मेली.

तसाच फेस. तसंच पोट. खाल्ल्यावर लगेच.

२४ एप्रिल, रात्री परत लिहितेय

धनश्रीचा फोन आला तेव्हा शेडमध्ये मशीन चालू होतं. ते बंद करायचंही भान राहिलं नाही. दादानं गाडी कशी हाणली ते त्यालाच माहीत.

कपिला अंगणात आडवी. चांगली देखणी गाय, पांढरीशुभ्र. काकांच्या हातात माझी पिशवी. म्हणजे त्यांनी विकत घेतलेली नव्हे, मावशींनी चंद्री गेल्यावर उरलेल्यातलं बरंचसं खाद्य पिशवीसकट दिराला दिलं होतं. "मोरीला तर चालत न्हाई, वाया कशाला घालवायचं," म्हणून. तेच. पहिले काही दिवस मूठ, आज ओंजळ. मी सांगितलं होतं तसंच, अगदी तंतोतंत!

मावशी तिथंच एका बाजूला बसल्या होत्या. "भाऊजी, पान..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"गप बसा वयनी!" काका ओरडले. "आठ दिसांत दोन जनावरांना पान लागतं? अन् दोनी ह्याच पेंडीवर?" मग माझ्याकडे वळले. म्हणाले, "आमची म्हातारी मान्सं म्हणायची, ह्यांच्या हातचं ढोरांना घालू नगा. ते काय उगाच न्हाई म्हणायची."

कुणीच कुणाकडे बघेना. मला आधी कळलंच नाही काय म्हणाले ते. मग कळलं. दादानं माझा दंड धरला.

आजी सांगायची, पूर्वी गावात ढोर मेलं की बोट आपल्या आळीकडे. तिच्या चुलत्याला नुसत्या संशयावरून मारलं होतं. मी म्हणायचे, आजी, पुरे गं, कुठल्या काळातल्या गोष्टी सांगतेस. आज माझ्याच नावाच्या पिशवीवरून निघालं सगळं. दोन हजार पंचवीस साल, माझ्या खिशात पदवी, आणि मी अंगणात चोरासारखी उभी.

उत्तर द्यायला हवं होतं. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. आज एक शब्द फुटला नाही. कारण काकांचं ते बोलणं घाणेरडं होतं, पण त्याआधीचं खोटं नव्हतं.

येताना मावशींना विचारलं, थोडी पेंड राहिलीय का तुमच्याकडे. "संपली गं," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. त्यांना सारखं विचारावंसं वाटत होतं, मावशी, तुम्ही साप का म्हणालात? विचारलं नाही.

अश्विनीला फोन लावला. शाळेतली मैत्रीण, आता गुरांची डॉक्टर, सध्या कोल्हापूरकडे असते. लक्षणं ऐकून लगेच म्हणाली, "युरिया. एकदम सुटलाय. असं परत दिसलं तर व्हिनेगर आणि गार पाणी भरपूर पाजायचं, काहीही आंबट चालेल, पण लगेच." मग म्हणाली, "आणि शुभे, ते लोक खायला कसं घालतात ते एकदा..." मी म्हटलं, अगं पेंडीसारखंच घालतात, नवीन काय आहे त्यात, तू मला एवढंच सांग की एकदम सुटला कसा? ती पुढं काहीतरी सांगत होती, पण मला सर्जेराव आठवले आणि मी फोन ठेवला.

२५ एप्रिल, भोर

सर्जेरावच. दुसरं कोण? माझी गोळी रात्रभर सुटते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे पिशवीत मोकळा युरिया मिसळलाय. वजन वाढवायला. दुकानात युरियाच्या गोण्यांची थप्पी आहेच.

सकाळीच नसरापूर गाठलं. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी. आणि तोंडाला येईल ते बोलले. दोन जीव घेतलेत तुम्ही, म्हटलं. गोरगरिबांच्या गोठ्यात जहर पाठवताना लाज कशी वाटली नाही, म्हटलं.

सर्जेराव वयानं अण्णांएवढे. चष्मा काढून पुसला. "बाई, पिशवी तुमची, शिलाई तुमची, दोरा तुमचा. उसवलेला दिसतोय का कुठं? बघा." आतून एक पिशवी आणून काउंटरवर ठेवली. नीट होती. सगळ्या नीट होत्या. मग म्हणाले, "धंद्यात नव्या आहात म्हणून सांगतो. गिऱ्हाईक माल कसा वापरतं, ते त्याच्या दारात जाऊन बघावं लागतं. आम्ही इथं नुसतं विकतो."

मी म्हटलं, मला शिकवू नका. झालं. त्यांनी माझ्या सगळ्या पिशव्या नोकराकरवी पायरीवर काढून ठेवल्या. येणारे-जाणारे बघत होते. दादानं एकेक उचलून टेम्पोत टाकली. हायवेला लागल्यावर म्हणाला, "शुभे, त्यांनी काय वाईट सांगितलं?"

"तू पण?" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

आईनं ताट वाढून ठेवलंय. भूक मेलीय.

२७ एप्रिल

कसं लिहू?

सकाळी शेडवर होतो आम्ही दोघं, परत आणलेल्या पिशव्या रचत. धनश्रीचा फोन. तिच्या वस्तीवर रेंज नसते, फोन करायचा तर खिंडीपर्यंत चढून यावं लागतं. धापा टाकत होती, पण आवाज खुशीत.

"शुभे, काळजी करू नको. तुझं नाव साफ होणार आज. आत्याबाईंनी काका, काकू, अख्खी वस्ती बोलावलीय अंगणात. सगळ्यांसमोर मोरीला घालणार तुझी पेंड. म्हणाल्या, पोरीच्या पेंडीत खोट असंल तर माझी मोरी मरंल, नसंल तर भाऊजींनी तोंड आवरायचं."

मी म्हटलं, "अगं पण पेंड तर संपली होती ना?"

"कुठली संपतेय! डब्यात ठेवली होती त्यांनी. चांगली ओंजळभर घातलीय. रात्रीच आंबोण भिजत घातलं त्यांनी, सरकी, कोंडा अन् तुझी पेंड. कोमट पाण्यात, चांगलं फुगावं म्हणून."

मी हातातली पिशवी खाली टाकली.

"काय घातलं भिजत?"

"आंबोण. असं काय करतेस? पेंड भिजवूनच घालतात की. कोरडी घातली तर जनावराला ठसका लागतो. तू त्या दिवशी कोरडी घातलीस तेव्हा बायका हसल्या नव्हत्या का?"

ग्लास. देवा, माझा ग्लास! रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी सगळं पाण्यात उतरलेलं, कवचं रिकामी. मी टाळ्या पिटल्या होत्या. त्याच रात्री, त्याआधीच्या कितीतरी रात्री, इथल्या प्रत्येक अंगणात तेच चाललं होतं, बादलीत. माझं कवच कधी फुटलंच नाही. पोटात सुटायचं ते बादलीत सुटलं, अगदी सावकाश, आणि सकाळी ते पाणी घमेल्यात ओतून...

"धना, पळ!" मी किंचाळले. "घमेलं उलथून टाक! खाल्लं असेल तर ताक, लिंबू, चिंच, कोकम, घरात असेल ते आंबट आणि गार पाणी, बादलीनं पाज! पळ!"

फोन बंद झाला की पडला, कळलं नाही.

दादानं टेम्पो चालू केला. नसरापूरला चायनीजच्या गाडीचं शटर बंद. गाडीवाला मागंच झोपतो, त्याला अक्षरशः हलवून उठवलं. व्हिनेगरचे कॅन दोन्ही हातांत घेतले आणि पैसे दादा परत येताना देईल म्हटलं. तो डोळे चोळत म्हणाला, "ताई, एवढं व्हिनेगर? लग्नाची ऑर्डर आहे का?" घाटात मी नुसती "चल, चल, चल" म्हणत होते. हे दादा सांगतो, मला आठवत नाही.

वस्तीवर पोचलो तर मोरी आडवी नव्हती, पण उभीही धड नव्हती. चौघांनी धरलेली. तोंडाला फेस. धनश्री पोचेपर्यंत अर्धं घमेलं खाऊन झालं होतं. तिनं लाथ मारून उडवलं म्हणे, आणि मावशींनी तिच्या कानाखाली दिली. मग मोरीनं दात खाल्ले आणि मावशींचा हात तसाच वर राहिला.

मोरीची शिंगं कुणी धरली होती? भीमाकाकांनी. गुडघा टेकून, तिची मान मांडीवर घेऊन, बाटलीनं ताक पाजत होते. वस्तीतलं प्रत्येक घर ताकाची गाडगी, चिंचेचं पाणी घेऊन आलं होतं. मी व्हिनेगर गार पाण्यात ओतलं, काकांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं. माझ्याकडे न बघता, पण घेतलं. "आजून आण," म्हणाले. नंतर परत म्हणाले, "आजून."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिचं थरथरणं कमी झालं. मग तिनं मोठा ढेकर दिला, शेण टाकलं. काकांनी शिंगं सोडली. मोरी डोकं झाडून उभी राहिली. कुणीतरी रडत होतं, बहुतेक मीच.

आणि आता बोलायचं होतं. मी नाही बोलले तर वस्ती म्हणणार, पोरीनं जहर दिलं आणि पोरीनंच उतारा दिला. किंवा परत साप. साप तर अजून सगळ्यांच्या तोंडी होता, पाहिजे तर मी त्याच्यामागं लपू शकले असते. पण लपले तर जिथं जिथं पिशवी गेलीय तिथं उद्याही आंबोण भिजत पडणार.

"साप नव्हता," मी म्हटलं. "माझी गोळी होती. ती कोरडी घालायची असते. रात्रभर भिजली की जे पोटात सुटायचं ते पाण्यात सुटतं, आणि मग सगळं एकदम पोटात जातं. भिजवू नका हे मी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही भिजवता हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही कधी."

मावशी अंगणाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे. "म्हंजे चंद्रीला म्या घातलं," म्हणाल्या. "माझ्या हातानं."

"नाही मावशी, मी..."

"अन् कपिलीला बी म्याच दिलं."

काका पुढं आले. अंगभर ताक आणि फेस. "वयनी, तुमी तर म्हणला पान लागलं."

"पान लागलं न्हवतं," मावशी म्हणाल्या. "कशानं मेली ते मला ठावं न्हवतं भाऊजी. शपथ घेऊन सांगते, न्हवतं ठावं. पर पान न्हवतं एवढं ठावं हुतं."

"मग खोटं का बोलला?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "तुमची नजर पिशवीकडं गेली ती म्या बघितली. हिचं नाव निघालं असतं तर तुमी काय बोलला असता, ते मला म्हाईत हुतं. अन् ते तुमी बोललाच की, परवा. भर अंगणात."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. म्हणजे म्हैस मरत होती तेव्हा ही बाई माझी काळजी करत होती! मी तिला आपल्या माणसावर खेकसते म्हणून नावं ठेवत होते. इथं वहीत लिहून ठेवलंय मी.

काकांनी मान खाली घातली. मग अगदी हळू बोलले. "बोललो असतो. शिव्या बी दिल्या असत्या, वयनी. पर ती पिशवी म्या घरात घेतली नसती. माझी कपिली जिती ऱ्हायली असती."

मावशी उठून मोरीचं दावं बांधायला गेल्या. दादानं रिकामे कॅन गोळा केले आणि आम्ही निघालो.

६ मे, भोर

इतके दिवस दारोदार फिरले. जिथं जिथं 'सावकाश' गेली होती त्या प्रत्येक अंगणात. पहिलं वाक्य ठरलेलं: वरच्या वस्तीवर दोन जनावरं मेली, ती माझ्या गोळीनं. दुसरं वाक्य: तुम्ही भिजवता का? प्रत्येक घरात तेच उत्तर, वेड्यासारखं माझ्याकडे बघत: "मग काय कोरडं घालायचं?" कुठं गोठ्यात बादली भरलेलीच होती. ती माझ्या हातानं ओतून आले. दोन घरांनी आत घेतलं नाही. एका म्हातारीनं चहा दिला आणि वर म्हणाली, "बरं झालं बया आलीस, आमची गाय आज ओंजळीवर येणार हुती." मी कप खाली ठेवला आणि आधी तिच्या गोठ्यातली बादली बघून आले.

सर्जेरावांची माफी मागितली. त्यांनी हिशेबाची वही बाजूला सारली, "बसा," म्हणाले. भीमाकाकांना म्हटलं, काका, गाय मी घेऊन देते, हप्त्यानं का होईना. म्हणाले, "बघू." मग म्हणाले, "म्या त्या दिशी बोललो ते..." आणि पुढं बोललेच नाहीत. मीही थांबले, पण वाक्य पुरं झालं नाही. मी त्यांच्या वतीनं ते पुरं करणार नाही.

शेवटी मावशींकडे गेले. मोरी काल व्याली. पारडी झालीय, काळीभोर, पायांवर धड उभी राहता येत नाही अजून. धनश्रीनं हळूच सांगितलं, आत्याबाई रोज संध्याकाळी सवयीनं आंबोणाची बादली घेतात, पाणी ओततात, मग थांबतात आणि सगळं ओतून बादली उपडी घालतात. मोरीला नुसता पेंढाच घालतात. सरकी भिजवायलाही त्यांचा हात होत नाही. मी सांगितलं, अगं सरकी भिजवायला काहीच हरकत नाही. धनश्री म्हणाली, "मी सांगून थकले. तू सांग."

मावशी पारडीला कापडानं पुसत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. सरकीचं सांगितलं. ऐकलं की नाही कळलं नाही. पारडीचे कान पुसून झाल्यावर म्हणाल्या, "शुभे, कोरडं घालायचं, एवढंच हुतं व्हय?"

मी म्हटलं, "हो मावशी."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. कापड पिळलं आणि पारडीचे पाय पुसायला घेतले.